पुष्कळ आहेत, उद्या या

तो दुकानात शिरला तेव्हा त्याचा उजवा हात छातीवर घट्ट दाबलेला होता आणि चेहरा घाबरलेला होता. बटणवालीला वाटलं, याच्या छातीत दुखतंय. तिने हातातली पेटी तशीच टाकली आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा, बसा. पाणी देऊ का? बाबा, जरा इकडे बघा हो—"

"नाही, नाही... मला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "बटण तुटलंय."

त्याने हात काढून दाखवला आणि लगेच परत ठेवला. शर्ट बरोबर मधोमध उघडा पडत होता. कोपऱ्यात दोऱ्याची रिळं लावत बसलेली आत्या हसली. "एका बटणासाठी एवढा जीव मुठीत? आणि ती छत्री बाहेर ठेवा. फरशीवर तळं केलंत."

दुकानाच्या वरच्या खोलीत इंग्रजी बोलायला शिकवणारा वर्ग नुकताच सुरू झाला होता. त्या वर्गाचे हे सर. वर मुलं येऊन बसली होती आणि सर खाली छाती धरून उभे होते.

बटणवालीने त्याच्या शर्टाची बाकीची बटणं पाहिली. गडद हिरवी, कडेला उंचवटा, आणि मधून केसाएवढी सोनेरी रेघ गेलेली. असं बटण तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"असं मिळेल?" त्याने विचारलं.

"पुष्कळ आहेत," ती म्हणाली. "उद्या या."

"पुष्कळ आहेत, तर आत्ता एक द्या ना."

त्या दुकानात 'नाही' म्हणायची पद्धतच नव्हती. बाबांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं— नाही म्हटलं की गिऱ्हाईक जातं, उद्या म्हटलं की परत येतं. कुणी काहीही मागो, ओठांवर एकच वाक्य तयार: पुष्कळ आहेत, उद्या या. मग बाजारभर पळून ती वस्तू शोधून आणायची.

"आज पिनेवर भागवा," ती म्हणाली आणि एक पीन पुढे केली. त्याने ती लावायचा प्रयत्न केला आणि बोट टोचून घेतलं. शेवटी तीच पुढे झाली.

"हलू नका."

"हलत नाहीये."

"श्वास तरी घ्या."

पावसाने त्याच्या कॉलरला ओल आली होती. पीन लावून होईपर्यंत दोघंही त्या पिनेकडेच बघत राहिले. मग तो जिन्याने धावत वर गेला. बटणवालीने खाली टाकलेली पेटी उचलली. बटणं सगळीकडे सांडली होती. ती वेचायला तिला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. आत्याने तेवढं पाहिलं आणि पुन्हा रिळं लावायला लागली.

दुकानाचे दिवस बरे नव्हते. शिंपी कमी झाले होते. लोक तयार कपडे घ्यायचे, आणि त्या कपड्यांची बटणं कुठून येतात हे कुणाला ठाऊक नसायचं. पण महिनाअखेरीला एका मोठ्या कपडे कारखान्याची खरेदीवाली बाई त्यांच्या रस्त्यावर येणार होती. बटणांची तीन दुकानं बघून त्यातल्या एकाकडून ती वर्षाचा माल उचलणार होती. बाई परदेशातली. तिला फक्त इंग्रजी येत होतं.

दादाने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "हे काम मिळालं तर ठीक. नाहीतर दुकान बंद करा आणि दोघं माझ्याकडे या." दादा दूरच्या गावी राहत होता. बाबांनी हो म्हणून टाकलं होतं. बटणवालीला जायचं नव्हतं. तिचं इंग्रजी एका शब्दावर चालायचं. मेनी बटन, मेनी कलर, मेनी साइज. त्यापुढे गाडी अडली.

दुसऱ्या दिवशी सर बटण न्यायला आले तेव्हा आत्यानेच विषय काढला.

"वर इंग्रजीचं दुकान, खाली बटणांचं. अदलाबदल करा की!"

"आत्या!" बटणवालीचे कान तापले.

"मला चालेल," सर घाईघाईने म्हणाले. मग जरा थांबून, "म्हणजे... वर्ग सुरू व्हायच्या आधी रोज थोडा वेळ येईन. बटण मिळेपर्यंत."

"मिळेलच," ती म्हणाली. "उद्या."

तिथून शिकवणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी त्याने तिला दुकान इंग्रजीत सांगायला लावलं. तिने सगळं 'मेनी'त गुंडाळलं.

"तुम्ही मेनी म्हटलं की सगळा माल एकाच पोत्यात जातो," तो म्हणाला. "हे बघा, पांढरी शर्टाची बटणं. हवी तेवढी घ्या, तरी उरतील. त्याला प्लेंटी म्हणा."

"प्लेंटी."

"आणि ही निळी? फिकटापासून पार काळ्यापर्यंत ओळ लावलीय तुम्ही. ही वाइड रेंज."

"वाइड रेंज." तिने ओळीवरून बोट फिरवलं. "आणि ही बरणी? यात काय वाट्टेल ते पडलंय. सुटलेलं, उरलेलं, जोड नसलेलं."

"ऑल सॉर्ट्स."

"ऑल सॉर्ट्स," ती म्हणाली. हा शब्द तिला आवडला. घरगुती वाटला.

शब्द वाढत गेले. मोजके पण एकाहून जास्त, ते सेव्हरल. एकाच पेटीत मुद्दाम वेगवेगळे घातलेले, ते असॉर्टेड. मोजायला बसलं तर वेड लागेल, ते काउंटलेस. एका संध्याकाळी त्याने प्लेथोरा सांगितला.

"हा जपून वापरा. गरजेपेक्षा फारच जास्त झालं, नकोसं झालं, की प्लेथोरा."

"म्हणजे आत्याच्या सूचना."

"अगदी बरोबर—" असं तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"काय म्हणालात हो मला?" आत्या रिळांच्या मागून ओरडली. "इंग्रजीत शिव्या देता होय? चहा बंद करेन!"

बाबासुद्धा हसले. ते एरवी फारसं हसत नसत. बटणवालीची आई गेल्यापासून ते दुकानात बसत, पेट्या पुसत आणि संध्याकाळ झाली की दुकानाचं शटर ओढत. एवढंच.

बटण मात्र मिळत नव्हतं. तिने बाजार पालथा घातला, घाऊक व्यापाऱ्यांना विचारलं, जुन्या शिंप्यांच्या डब्यात हात घातले. आणि एका दुपारी, ध्यानीमनी नसताना, त्या ऑल सॉर्ट्सच्या बरणीतूनच ते वर आलं. हिरवं, सोनेरी रेघेचं. एकच. बरणी तळापर्यंत उपसली, दुसरं नव्हतं.

तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट तिला धडकीच भरली. बटण मिळालं, म्हणजे आता सरांना यायचं कारण संपलं.

ती ते हातात धरून बसली. मग तिने एक रिकामी पेटी घेतली. त्यांच्या दुकानात प्रत्येक पेटीच्या दर्शनी बाजूला आतल्या बटणांपैकी एक शिवून ठेवत, म्हणजे पेटी न उघडता माल कळतो. तिने ते हिरवं बटण रिकाम्या पेटीवर शिवलं आणि पेटी आत्याच्या स्टुलामागे, सगळ्यात खालच्या ओळीत सरकवून दिली. गल्ल्याच्या पलीकडे उभ्या माणसाला ती दिसणं शक्य नव्हतं.

संध्याकाळी तो आला. शर्टाला तीच पीन.

"आज आलं का?"

"उद्या नक्की," ती म्हणाली आणि तिला आपलाच आवाज परका वाटला.

"तुमचा उद्या फार लांब असतो."

"घाई आहे का तुम्हाला?"

तो छत्रीचं टोक फरशीवर फिरवत राहिला. "नाही... मुळीच नाही."

ते 'मुळीच नाही' तिने रात्री उशीवर डोकं टेकेपर्यंत जपलं. आणि लगेच काळजी पोखरू लागली. याला कळलं तर? खोटारडी म्हणेल. आणि ती खरेदीवाली बाई? तिच्यासमोर तोंडचं पाणी पळालं तर? मग दादाचं गाव, आणि तिथे कुठलं वरचं इंग्रजी आणि कुठला खालचा चहा.

बाई यायला चारच दिवस उरले तेव्हा सर म्हणाले, "आज उजळणी. मी गिऱ्हाईक. मी विचारेन, तुम्ही उत्तर द्यायचं. थांबायचं नाही, विचार करायचा नाही. भीती वाटायच्या आत शब्द बाहेर आला पाहिजे."

आत्याने रिळं बाजूला ठेवली. बाबाही वळून बसले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही रेंगाळली.

"डू यू हॅव व्हाइट बटन्स?"

"येस सर, प्लेंटी!"

"ब्लू?"

"येस सर, अ वाइड रेंज!"

"वुडन?"

"येस सर, सेव्हरल काइंड्स!"

तिचा आवाज चढत गेला. हात गल्ल्यावर ठेका धरू लागले. तो भरभर विचारत गेला आणि ती भरभर देत गेली. अडखळणं कुठल्या कुठे गेलं. मग तो जरासा थांबला. पुढे वाकला. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"डू यू हॅव... समवन? इन युवर लाइफ?"

"येस सर, प्लेंटी!" ती म्हणाली. "अ वाइड रेंज!"

गिऱ्हाइकं खदखदून हसली. आत्याला काही कळलं नव्हतं, पण तीही हसली. सरांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी छत्री उचलली.

"छान," ते म्हणाले. "आता तुम्हाला सगळं येतं."

ते जिन्याकडे वळले तेव्हा कुठे तो प्रश्न तिच्या डोक्यात उमटला. कानांनी ऐकला होता, जिभेने उत्तर दिलं होतं, ती स्वतः मध्ये कुठेच नव्हती. ती जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत धावली. वर मुलांचा 'गुड इव्हिनिंग' ऐकू आला आणि दार लागलं. मागून गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, माझी चेन द्या ना."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याने वर्गातल्या एका मुलीकडून निरोप पाठवला— परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत, वेळ होणार नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्याची पावलं तेवढी छतावर वाजत. फळ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून फळ्यापर्यंत. पूर्वीही वाजत असतील, तिने लक्ष दिलं नव्हतं. आता ती तेवढंच ऐकत होती. वर जावं, सांगावं, तसं नव्हतं म्हणावं. पण तसं नव्हतं म्हटलं की पुढे कसं होतं तेही सांगावं लागणार. या विचाराने ती पहिल्या पायरीवरूनच परत फिरे.

"उत्तर चुकलं तर मास्तर लोक परत विचारतात," आत्या म्हणाली. तिला आता कुणीतरी अर्थ सांगितला होता. "हा कसला मास्तर? एका उत्तरात नापास करून मोकळा!"

"त्याची काय चूक? सगळ्यांसमोर हसं झालं त्याचं."

"मग जा की वर."

"उद्या जाईन."

बाई यायच्या आदल्या संध्याकाळी आत्या घरी गेली आणि बाप-लेक पेट्या पुसत बसले. बाबा खालच्या ओळीपर्यंत आले. त्यांनी हिरव्या बटणाची पेटी काढली, हलवून पाहिली. आत काही वाजलं नाही.

"हे मला ठाऊक नाही असं वाटलं होतं का तुला?"

तिने मान खाली घातली.

"तुझ्या आईला समुद्र बघायचा होता," बाबा म्हणाले. "एकदाच. मी म्हणायचो, जाऊ की. दिवस काय, पुष्कळ आहेत. उद्या जाऊ." त्यांनी पेटीवरून फडकं फिरवलं, मग तिथेच पुन्हा एकदा फिरवलं. "गिऱ्हाइकाला उद्या म्हणावं, बाळ. आपल्या माणसाला म्हणू नये."

ते आईबद्दल इतकं कधी बोलत नसत. तिने त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि राहिलेल्या पेट्या पुसून काढल्या.

खरेदीवाली बाई दुसऱ्या दिवशी, वरचा वर्ग सुरू झाल्यावर आली. उंच, करड्या केसांची, पायात सपाट बूट. तिने गल्ल्यापाशी उभं राहून गोड बोलणं ऐकून घेतलं नाही, सरळ आत शिरली. बटणवाली घाबरतच तिच्यामागे गेली. पण तोंड उघडल्यावर शब्द आले. पांढऱ्यांसमोर प्लेंटी आलं, निळ्यांसमोर वाइड रेंज आलं. बाईने निळ्या ओळीवरून तसंच बोट फिरवलं, जसं ती स्वतः फिरवायची. बरणीपाशी बटणवाली "ऑल सॉर्ट्स" म्हणाली तेव्हा बाईने बरणीत हात घालून मूठभर बटणं काढली आणि लहान मुलीसारखी परत ओतली. बाबा दारात उभे होते. आत्या देवाचं नाव घेत होती की बाईला नावं ठेवत होती, कळत नव्हतं.

मग बाई आत्याच्या स्टुलावर टेकली. तिची नजर खालच्या ओळीवर गेली. तिने वाकून ती हिरवी पेटी बाहेर ओढली.

"ओह," ती म्हणाली. "दीज आर लव्हली. हाऊ मेनी डू यू हॅव?"

येस मॅडम, प्लेंटी. शब्द जिभेच्या टोकावर आला होता. प्लेंटी म्हणायचं, माल उद्या म्हणायचं, मग महिनाभर बाजार धुंडाळायचा. बाबांनी हेच शिकवलं होतं. सगळं वर्ष, सगळं दुकान त्या एका शब्दावर होतं. बटणवालीने दाराकडे पाहिलं. बाबांनी तिला खूण केली नाही, ते नुसते बघत होते. छतावर पावलं वाजली. फळ्यापासून खिडकीपर्यंत.

"वन," ती म्हणाली.

"वन बॉक्स?"

"नो मॅडम. वन बटन. बॉक्स..." तिने झाकण काढून दाखवलं. "एम्प्टी. ओन्ली वन. अँड नॉट फॉर सेल."

आत्याने कपाळाला हात लावला. बाईच्या भुवया वर गेल्या. "नॉट फॉर सेल? हूज इज इट?"

एवढं इंग्रजी तिच्याकडे नव्हतं. तिने नुसतं बोट वर केलं, छताकडे. बाईनेही वर पाहिलं. पावलं खिडकीपासून फळ्याकडे चालली होती. बाईने पुन्हा बटणवालीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळूच हसली.

"देन गो," ती म्हणाली. "आय हॅव टाइम."

बटणवालीने कात्रीने टाका कापला, बटण मुठीत धरलं आणि जिना चढली. अर्ध्या जिन्यात तिला वाटलं, आपल्याला वेड लागलंय. बाई खाली बसलीय, वर्षाचा माल... पण पाय थांबले नाहीत.

वर्ग भरलेला होता. पहिल्या बाकावर एक आजोबा बसले होते, नातवंडांशी बोलता यावं म्हणून इंग्रजी शिकणारे. सर फळ्याशी उभे होते. शर्टाला अजून तीच पीन.

"सर," ती म्हणाली, "माझं एक उत्तर चुकलं होतं."

त्याच्या हातातला खडू थांबला. "कोणतं?"

"परत विचारा."

"इथे?" त्याचे कान लाल झाले. "वर्ग चालू आहे..."

"चुकीचं उत्तर मी सगळ्यांसमोरच दिलं होतं."

त्याने खडू ठेवला, हात झटकले, आणि जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात विचारलं, "डू यू हॅव... समवन?"

तिने मूठ उघडली.

"येस सर. ओन्ली वन."

"करेक्ट!" आजोबा म्हणाले आणि वर्गात हशा पिकला.

तो जवळ आला. बटणाकडे बघत राहिला. "कधी मिळालं हे?"

"कधीच मिळालं होतं."

"मग रोज उद्या, उद्या—?"

"दिलं असतं तर तुम्ही आला असता का?"

"मी काय बटणासाठी येत होतो?" तो म्हणाला. "वेडी आहेस तू." आणि तू म्हटल्याचं कळल्यावर तोच गडबडला. "मला वाटलं... तुम्ही थट्टा केलीत. मला वाटलं, विचारायचंच चुकलं."

जिन्याखालून आत्याचा आवाज आला. "अगं भवाने! ही बाई रेंज रेंज करतेय! सगळी निळी ओळ टेबलावर मांडलीय आणि तुझ्या बापाचा हात हातात घेऊन हलवतेय! काय सांगू हिला?"

बटणवालीने डोळे मिटून घेतले. म्हणजे दुकान राहिलं. "चहा दे म्हणावं!" ती ओरडली. "आलेच!"

"जा," तो म्हणाला. "खाली जा आधी. बटण काय... उद्या शिव."

"उद्या नाही," ती म्हणाली. "आत्ता."

दुकानातल्या सवयीने तिच्या खांद्याजवळ कपड्यात दोरा ओवलेली सुई टोचलेली होतीच. तिने त्याच्या शर्टाची पीन काढली, बटण जागेवर धरलं आणि पहिला टाका घालायला गेली. सुई छिद्रात जाईना.

"हलू नका," ती म्हणाली.

"मी हलत नाहीये," तो म्हणाला. "तू श्वास तरी घे."